गाणाऱ्या डब्याचा बेस

विहंग दुपारी झोपला की माझं दुकान उघडतं. दुकान म्हणजे फणसवाडीतल्या आमच्या घरातलं खिडकीजवळचं टेबल. त्यावर सोल्डरिंग आयर्न, भिंग, चिमटे आणि लोकांनी आणून टाकलेल्या मुक्या झालेल्या वस्तू. कुणाचा वडिलांच्या वेळचा अॅम्प्लिफायर, कुणाच्या चर्चमधला कीबोर्ड. बाळंतपणाआधी मी एका कंपनीत हेच काम करायचे. आता पाळण्याच्या दोरीला एक पाय लावून करते.

यातल्या निम्म्या वस्तूंचा आजार एकच असतो. चिप चांगली असते, ती जिथे बसते ती जागा बिघडलेली असते. पुस्तकात तिला सॉकेट म्हणतात, बाजारात बेस. स्वस्त बेसमध्ये प्रत्येक पिनेला पत्र्याच्या दोन पात्या धरून ठेवतात. आमच्यासारखी खारी हवा लागली की पात्या काळ्या पडतात, सैल होतात. गोल भोकांचा बेस महाग, आत सोन्याचा मुलामा, आणि पकड अशी की चिप उपटताना पिना वाकाव्यात. तिसरा लिव्हरचा. दांडी खाली केली की चिप धरली जाते, वर केली की अलगद सुटते. माझा साधा नियम होता: ज्याला कायमचं राहायचंय त्याला गोल भोकांचा, ज्याला जायचं-यायचं असतं त्याला लिव्हरचा.

पपांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या गाणाऱ्या डब्याला पत्र्याच्या पात्यांचाच बेस लावला होता. तेव्हा मिळत तरी काय होतं दुसरं?

डबा बिस्किटांचा. त्याला बाहेरून माइक आणि स्पीकर. बाळ रडलं की माइकला कळतं, तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर तो आवाज वाढवतो आणि चिप जागी होऊन पपांच्या आवाजात गाते. "नीज रे माझ्या सोनुल्या, नीज रे." गाणं त्यांनीच जुळवलेलं, चाल जरा चुकलेली, शेवटी खोकला. माझा नवरा सिद्धांत याच खोकल्यावर झोपून मोठा झाला. विहंग माझ्या पोटात असताना पपा गेले. बारशाच्या आधी मी डबा पुसला, नव्या बॅटऱ्या घातल्या. नातू आजोबांच्या आवाजावर झोपायला लागला. सासूबाई पपांना नावानंच हाक मारायच्या. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मनमोहनना मेल्यावर पण काम लावलंस गं, मधुरा."

बिघाड सुरू झाला तेव्हा विहंग नुकताच रांगायला लागला होता. भर दुपारी, रडणं नाही काही नाही, डबा आपोआप कुरकुरला. मी टेबलाशी होते, आई, म्हणजे सासूबाई, आत तांदूळ निवडत होत्या. गाणं लागलंच नाही. सुरुवातीला वाऱ्यासारखी खरखर आणि मग पपांचा आवाज, पण तरुण, खोकल्याशिवायचा. ते म्हणाले, "विहंग. ये रे, ये. ये इकडे."

पाठोपाठ एक मूल खळखळून हसलं.

मी चिमटा ठेवून वळले. पाळण्यात विहंग जागा होता. उठून बसला होता आणि डब्याकडे बघत होता. रडत नव्हता. कुणी ओळखीचं दारात आलं की बघतो तसं बघत होता.

विहंग हे नाव मी निवडलं होतं. बारशाच्या दिवसापर्यंत ते फक्त मला आणि सिद्धांतला ठाऊक होतं. सिद्धांतची चुलतबहीण अनुजा आत्या म्हणून पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, तेव्हा घरातल्यांना पहिल्यांदा कळलं. पपांना जाऊन तेव्हा महिने झाले होते.

सिद्धांत कामासाठी विशाखापट्टणमला होता. फोनवर त्याला सांगितलं.

"तू नीट जेवतेस ना?" तो म्हणाला.

"सिद्धांत, मी ऐकलंय."

"अगं, रेडिओ पकडला असेल. जुनी वायर आहे, काहीपण पकडते."

"रेडिओवर पपा?"

"बेस बदलून टाक," एवढंच तो म्हणाला.

पण मला आधी कळायला हवं होतं. ते कळलंही. चिपमध्ये वीस सेकंदं मावतात. गाणं त्याच्या जेमतेम निम्मं. उरलेल्या जागेत त्याआधी काही भरलेलं असेल तर ते पुसलं जात नाही, नुसतं मागे पडून राहतं. कुठून वाचायचं हे चिपला काही पिना सांगतात. पात्या सैल होऊन त्यातली एक पिन सुटली की चिप पहिल्या ओळीऐवजी मधूनच वाचायला लागते. म्हणजे गाण्याच्या मागे पपांचा आणखी एक आवाज होता, आधीचा. भुताबिताचं काही नव्हतं. एवढं समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण मग नावाचं काय?

मी आईंना स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण मान वर केली नाही.

"सिद्धांतच्या आधी एक झाला होता," त्या म्हणाल्या. "विहंग नाव होतं."

मी सूप बाजूला करून त्यांच्यासमोर बसले.

"सिद्धांतला माहीत नाही. मनमोहननी घरात कुणाला बोलू दिलं नाही. जन्मापासून त्याच्या हृदयात दोष होता. तेव्हा आत्तासारखी ऑपरेशनं कुठे होती. वर्षाचा पण झाला नाही. मनमोहननी तो डबा त्याच्यासाठी केला होता. मग सिद्धांत झाला, तेव्हा म्हणाले, त्याचं पुसत नाही, ह्याच्यासाठी सुरुवातीला छोटं गाणं टाकतो. म्हणून गाणं एवढंसं."

"आई, बारशाला तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार? तू किती हौसेनं ठेवलं होतंस." पाळण्याच्या दोरीवर तेव्हा त्यांचा हात थांबला होता, ते मला आठवलं. मला वाटलं होतं, दमल्या असतील. "आणि खरं सांगू? मला वाटलं, घरात परत ती हाक ऐकू येईल. लोभ सुटला मला."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला. तांदळाचं पीठ लागलं होतं बोटांना. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "किती गोड हसायचा हो तो."

"कोण?"

"तुमचा विहंग. पपांनी हाक मारली की शेवटी हसतो ना."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "तो हसत नसे गं," त्या म्हणाल्या. "म्हणजे हसायचा, पण आवाज नाही यायचा. दम लागायचा. तोंड उघडायचा, खांदे हलायचे, ओठ निळे पडायचे. आवाज त्याचा मी एकदाही ऐकला नाही."

मी डबा आणला. कव्हर काढून चिपवर बोट दाबलं, सैल पिन हलवली. खरखर, मग "विहंग. ये रे, ये. ये इकडे." आणि हसणं. पूर्ण, मोठ्यानं, शेवटी एक उचकी.

माझ्या विहंगला हसल्यावर उचकी लागते. रोज लागते.

मी स्वतःलाच समजावत राहिले. रेकॉर्डची, म्हणजे चिपला नवा आवाज लिहायला लावणारी, पिनसुद्धा त्याच सैल बेसमध्ये होती. तीही हलली असेल, टेकली असेल. माइक सतत चालू असतो. तेव्हा विहंग हसत असेल आणि चिपनं त्याचं हसणं जुन्या आवाजावर लिहून घेतलं असेल. अगदी शक्य आहे. मी आईंना हेच सांगितलं, आवाज चढवून, जणू त्या माझ्याशी वाद घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी विहंगला पोटाशी बांधून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. फ्लॅविया माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण. आता वडिलांच्या दुकानात काउंटर सांभाळते. तिचे वडील रूपर्ट अंकल आतल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नावं ठेवतात.

"काय गो मधुरा," ते म्हणाले, "पोराला पण सोल्डर करून घेतलंस काय अंगाला?"

"पप्पा, गप बसा. काय देऊ, बाय?"

"अठ्ठावीस पिनांचा बेस. गोल भोकांचा. आणि ट्रान्झिस्टरचा तीन भोकांचा एक."

"गोल भोकांचा कशाला? महाग पडंल. साधा ने ना."

"साधा नको. घट्ट पाहिजे."

"लिव्हरचा दाखवू? नवीन आलाय, मस्त चीज हाय."

"तो सुटतो, फ्लॅविया. मला सुटायला नकोय."

ती बेस काढायला वळली आणि वळता वळता विहंगसाठी आपली नेहमीची खोटी शिंक शिंकली: मान मागे, डोळे बारीक, आणि "आ... आ... आक्छू गो बाय!" एरवी या शिंकेवर तो असा किंचाळून हसायचा की शेजारचा दुकानदार डोकावून बघायचा.

विहंगनं तोंड उघडलं. खांदे हलले, डोळे मिटले. आवाज आला नाही.

"ह्याचा स्पीकर कुठं गेला गो?" फ्लॅविया हसत म्हणाली. "म्यूटवर ठेवलायस काय?"

तिनं परत शिंक काढली. तो परत हसला. काचेमागे हसतं मूल बघावं तसं दिसत होतं. त्याची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. तेव्हा मी आठवायला लागले की शेवटचं त्याला हसताना कधी ऐकलं. मला आठवेना. रडण्याचा आवाज होता, बोबडे बोल होते, फक्त हसणं गेलं होतं. ते केव्हा गेलं हे मी आई असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"सर्दी झाली असंल," रूपर्ट अंकल म्हणाले. पण त्यांनी छातीवर क्रॉस केला, मी बघितलं.

घरी जाता जाता डॉक्टरांकडे गेले. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ, वजन छान. "हसेल हो," ते म्हणाले, "मुलांच्या लहरी असतात."

त्या दुपारी मी भीतीनं काम केलं. कामात भीती असली की हात फार नीट चालतात. चिप उपटून काळ्या फोमवर ठेवली. जुना बेस वितळवून काढला, त्याच्या पात्या काजळीसारख्या काळ्या होत्या. गोल भोकांचा बसवला, ट्रान्झिस्टरचाही नवा लावला. आणि रेकॉर्डची पिन मी बेसमध्ये बसूच दिली नाही. चिमट्यानं वर वाकवली, बाहेर ठेवली, वेगळ्या तारेनं बांधून टाकली. आता चिपला नवं काही ऐकूनही लिहिता येणार नव्हतं. मग अंगठ्यांनी चिप आत दाबली. कट्ट आवाज करून बसली.

डबा चालू केला. नीज रे माझ्या सोनुल्या. खोकला. शांत. परत चालू केला, पुन्हा तेच. किती वेळा केलं असेल. मागचा आवाज कुठे आलाच नाही.

"झालं?" आईंनी विचारलं.

"झालं. आता काही बाहेर येणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डब्यावरून एकदा हात फिरवून आत गेल्या.

विहंग त्यानंतरही हसला, बिनआवाजाचा. मी त्याच्यापुढे माकड झाले, मांजर झाले, फ्लॅविया झाले. तो खूश व्हायचा, तोंड उघडायचा, खांदे उडायचे. आणि मग एके दुपारी, मी त्याला न्हाऊ घालून पावडर लावत होते, पोटावर फुंकर मारली तेव्हा तो इतका हसला, इतका वेळ हसला, की मी त्याच्या ओठांकडे बघितलं. कडा निळसर झाल्या होत्या. क्षणभरच. मी त्याला उभं धरलं, पाठ चोळली, रंग परत आला.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

"असाच," त्या म्हणाल्या. "अगदी असाच हसायचा."

मला काय वाटत होतं ते तोंडातून काढायची माझी हिंमत नव्हती. माझ्या मुलाचं हसू त्या डब्यात होतं. डब्यातल्याचं माझ्या मुलात होतं. आणि मी, शहाणी, सोन्याचा मुलामा दिलेला बेस लावून वर पिन वाकवून ठेवली होती. जे जायला-यायला हवं होतं ते घट्ट बसवून टाकलं होतं.

"पुस ते," आई म्हणाल्या.

"आई, त्यात पपांची हाक आहे. तुमच्या विहंगचं तेवढंच आहे ना घरात? ना फोटो, ना कपडा."

"मनमोहननी सगळं समुद्रात सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "हे तेवढं राहिलं. मला ठाऊक आहे काय मागतेय ते. पुस."

"पुसायचं म्हणजे त्याच्यावर दुसरं काहीतरी बोलायला लागतं."

"मग मी बोलते."

विहंग सतरंजीवर बसून चमचा आपटत होता. मी डबा उघडला. चिप सुटेना. गोल भोकांनी तिला अशी धरली होती की चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, केसाएवढी केसाएवढी उचलावी लागली. निघाली. मग वर वाकवलेली रेकॉर्डची पिन सरळ करायला चिमट्यात धरली. जुना धातू, एकदा वाकलेला. ती चिमट्यातच राहिली, चिपला नुसता ठिपक्याएवढा खुंट उरला.

मी रडायला लागले. आईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाय मोडला."

"कुणाचा?"

"चिपचा. आता तिला ऐकता येणार नाही."

आई उठल्या आणि देवघराच्या फळीवरून शिवणाची सुई घेऊन आल्या. त्यांना काय सुचलं होतं कुणास ठाऊक, बहुतेक काहीच नाही. घरात काही तुटलं की सुई आणायची, एवढीच त्यांची सवय. पण सुई बघितली आणि मला कळलं. चिप मी परत बेसमध्ये बसवली. एका पिनेची तार सोडवली, म्हणजे चिप गाण्याला हात न लावता मागच्या भागावर जाईल. सुईला वायर गुंडाळली.

"मी सुई टेकवते तोवरच ती ऐकेल," मी म्हटलं. "माझा हात हलता कामा नये. तुम्ही माइकशी बोला. मी मान हलवली की सुरू."

आई माइकशी वाकल्या. बाळाच्या कानाशी वाकतात तशा. मी भिंगातून बघत सुईचं टोक खुंटावर टेकवलं आणि मान हलवली.

त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, सेकंदं संपणार. मग त्या म्हणाल्या, "विहंगा, आई बोलते रे. बाबा आलेत तुझ्याकडे, त्यांनी आता इथून हाक मारायची गरज नाही. हा माझा नातू आहे. त्याचं त्याला देऊन टाक, राजा. तुझं सगळं माझ्याकडे आहे."

सुई माझ्या हातात गरम झाली होती. कदाचित माझाच घाम असेल. स्पीकरमधून एक बारीक खरखर आली, कुणी श्वास सोडावा तेवढी, आणि चिप थांबली.

आई पदरानं नाक पुसायला गेल्या आणि त्यांना जोरात शिंक आली. खरी शिंक, पदराला लागलेल्या तांदळाच्या पिठाची.

मागे सतरंजीवर विहंग किंचाळून हसला. चमचा टाकून, मान मागे टाकून हसला, एवढ्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं वो?" आणि शेवटी उचकी. मी त्याला उचललं, त्याचे ओठ बघितले. गुलाबी होते. मी त्याच्या पोटावर फुंकर मारली, तो पुन्हा हसला. मी फुंकत राहिले. आई म्हणाल्या, "बस गं, दमेल," आणि स्वतः त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या.

संध्याकाळी त्यांनी सिद्धांतला फोन लावला. दार लोटून बोलत होत्या, बराच वेळ. मी पाळण्याशी थांबले.

पुढे मी डब्याला लिव्हरचा बेस लावला. फ्लॅविया म्हणाली, "बिस्किटाच्या डब्याला एवढा भारी बेस? तुझं डोकं फिरलंय, बाय." विहंगला झोपवायचं असतं तेव्हा दांडी खाली करते. पपा गातात, खोकतात. आईंना वाटलं तर त्या मागचा भाग स्वतः लावतात. त्यात आता फक्त त्यांचाच आवाज आहे. ऐकून झालं की दांडी वर करतात, चिप उचलून फोमवर ठेवतात. तेवढं मी त्यांना शिकवलंय.

आज दुपारी चिप फोमवर होती. बेस रिकामा, दांडी वर, बॅटऱ्याही काढलेल्या. मी टेबलाशी होते आणि पाळण्यात विहंग उठून बसला. डब्याकडे बघत त्यानं मान जराशी वाकडी केली, ऐकल्यासारखी. थांबला. मग हसला, थांबला, पुन्हा हसला. कुणाशी तरी आळीपाळीनं खेळावं तसं.

मी उठून दांडी खाली करून रिकामा बेस बंद करणार होते. केली नाही. जवळ जाऊन नुसती ऐकत उभी राहिले. आवाज माझ्या विहंगचाच होता, उचकीसकट.